आळीपाळीनं समुद्र

क्रूझला गेलो होतो म्हटलं की कॉलेजातल्या पोरी आधी फोटो मागतात. आहेत ना, ढीग आहेत! फक्त एकाही फोटोत आम्ही चौघं नाही. कशात मी आन् पप्पा, कशात मी आन् आई, बाकी नुसतं पाणी. कारण आम्ही तो समुद्र आळीपाळीनं बघितला. थांबा, नीट सांगते, मी कायम मधूनच सुरू करते.

पप्पांचं शिरूरला पाइप आन् ठिबकचं दुकान आहे. जे दुकानदार माल जास्त खपवतात त्यांना कंपनी टूरला नेते. बँकॉकला पप्पा एकटे जाऊन आलेत. या वेळी मात्र सहकुटुंब! मुंबईहून जहाजात बसवणार, समुद्रात फिरवून परत आणणार. पप्पांनी जेवताना सांगितलं आन् मी किंचाळलेच. मग आईकडं बघितलं. आई बारकीकडं बघत होती.

बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण. तिला ऑटिझम आहे. बोलते थोडं, ऐकते मात्र सगळं. मोठा आवाज सहन होत नाही, आन् डोक्याला कुणी हात लावला तर भाजल्यासारखी ओरडते. म्हणून आमच्याकडं लग्न असलं की हळदीला आई जाणार, अक्षतांना मी, आहेर द्यायला पप्पा. एक जण कायम घरी. दवाखाना सोडला तर चौघं मिळून आम्ही कुठंच गेलेलो नव्हतो. मला समुद्राचं एवढं नव्हतं हो. चौघांनी एकदा एका जागी, चार लोकांत उभं राहायचं, बास.

"माझं आन् बारकीचं राहू द्या," आई म्हणाली.

"न्हाई," मी म्हणाले, "आपण प्रॅक्टिस करू!"

आन् केली की! गोडाऊनला खिडकी नाही, जहाजातल्या आमच्या खोलीलाही नसणार होती. मग पाइपांच्या मधे गादी टाकून मी आन् बारकी दुपारची तिथं झोपायचो. जहाजाच्या भोंग्याचा आवाज मोबाइलवर, आधी बारीक, मग मोठा. लिफ्टसाठी पुण्याला मॉलमध्ये जाऊन आम्ही तिघी नुसतं वरखाली. घरात ताट हातात धरून रांगेत उभं राहायचं, आई वाढणार. पप्पा रांगेत घुसायचे तर बारकी त्यांना ढकलून मागं लावायची. इतके हसलोय त्या दिवसांत! मला वाटायला लागलं, जमतंय.

कंपनीची बस दौंडचे दुकानदार घेऊन न्हावऱ्यावरून शिरूरला आली. बारकी कानांवर तिचे मोठे हेडफोन लावून खिडकीशी बसली ती मुंबईपर्यंत गप. दौंडच्या एक काकू पुढच्या सीटवर होत्या, सारख्या वळून बघायच्या. "लय गुणाची हाय गं पोर." आई एवढी खूश झाली!

आन् मग बंदर. बसचं दार उघडलं आन् ढोल-ताशा सुरू. बसमधून उतरेल त्याला कंपनीची माणसं धरून कुंकू लावत होती, डोक्यावर फेटा चढवत होती. बाया, पोरं, सगळ्यांना.

भोंग्याची तयारी केली, लिफ्टची केली, फेटा विसरलो! आमच्याकडं माणूस सरपंच झाला तरी फेटा, पोरगं दहावी पास झालं तरी फेटा, दुकानाची पाटी बदलली तरी फेटा. एवढ्या रोजच्या गोष्टीची कोण प्रॅक्टिस करतं?

आई ओरडली, "दादा, तिला नको," पण ढोलात कुणाला ऐकू जातंय. एकानं बारकीचे हेडफोन काढून फेटा बसवला. ती खाली पडली, रस्त्यावरच, डोकं आपटत. मी तिच्या डोक्याखाली हात घातला. ढोल थांबला तेव्हा सगळं बंदर आमच्याकडं बघत होतं.

"लाडावलंय लय," त्याच काकू म्हणाल्या. "आमच्या नातवाला एक ठिवून दिली की गप."

"काकू, हट्ट नाही करत ती. ऑटिझम आहे."

"म्हंजी ऐकू येत न्हाई व्हय?"

"येतंय. लय येतंय."

पप्पा फेटा घालून बाजूला उभे होते. बाकीचे दुकानदार त्यांना म्हणत होते, "चला शेठ, बायका बघतील." आन् ते गेले.

त्यानंतर घरचंच सुरू झालं की, दोघं वर, तिसरं बारकीपाशी खाली. बारकीला मात्र जहाज आवडलं, खरंच! तिला लांबलचक पॅसेज आवडला, एकसारखी दारं आन् दारांवरचे ओळीनं नंबर. भिंतीला एक बोट लावून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची, मी मागं. एकदा म्हणाले, "बारके, वर समुद्र बघू?" तिनं माझा हात धरून पुढच्या नंबरावर ठेवला. ती मजेत होती. तिला कुणाची उणीव नव्हती. त्या पॅसेजमधे उदास काय ते मी एकटी. सारखं मागं वळून बघायचे, पप्पा येतायत का.

शेवटच्या संध्याकाळी सत्कार होता. जास्त माल खपवलेल्यांत पप्पा पहिले, म्हणून त्यांचं नाव सगळ्यांत शेवटी. मी आधीच त्यांच्यामागं लागले होते, "कंपनीच्या साहेबांना सांगा ना, वाजवू नका, फेटा नको. दोन मिनिटं चौघं स्टेजवर जाऊ, खाली येऊ."

"बघतो," पप्पा म्हणाले. शर्टाला इस्त्री करत राहिले, झालेल्या बाहीवर परत परत.

त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांच्या आधी वर गेलेल्यांना तुतारी कशी वाजली असती? पहिली तुतारी दारातच ऐकली आन् आई बारकीला घेऊन तशीच मागं फिरली. नवी साडी नेसली होती तिनं.

मग नाव पुकारलं. पप्पा आन् मी वर गेलो. शाल, नारळ, फेटा. साहेब हसतमुख एकदम, माइक घेऊन म्हणाले, "शेठ, सहकुटुंब बोलावलं होतं आम्ही! वहिनी कुठायत?"

"जरा डोकं दुखतंय त्यांचं."

"अरेरे. आन् ही कन्या? एकच का?"

पप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"व्हय," ते माइकमधे म्हणाले, "एकच."

टाळ्या वाजल्या. मला वाटलं, बंदरावर बारकीला बघितलेल्यांपैकी कुणीतरी खालून म्हणेल, अहो अजून एक आहे की! कुणी बोललं नाही. पुढच्या रांगेत त्या काकू होत्या, त्यासुद्धा नारळाकडं बघत बसल्या. माझ्या मोबाइलवर एकानं फोटो काढला, मी हसले पण त्यात.

खोलीत आलो. आई पलंगावर साडीतच बसली होती. "कसं झालं? दाखव की फोटो." मी मोबाइल दिला. "माइकवर काय बोलले गं?"

मी पप्पांकडं बघितलं. ते फेटा कुठं ठेवायचा ते शोधत होते.

बारकी आईच्या खांद्यावरून वाकली. कुठलाही फोटो दिसला की ती त्यातली माणसं मोजल्यासारखी सांगते, तिची सवयच आहे. स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, "पप्पा. ताई." मग स्क्रीन इकडं सरकवली, तिकडं सरकवली. "आई न्हाई. बारकी न्हाई."

रागानं नाही, रडून नाही. जे होतं ते.

"व्हय बाळा," पप्पा म्हणाले. ते पलंगाच्या कडेला बसले, तिला हात न लावता, मधे जागा सोडून. "मी बसतो हिच्यापाशी. तुमी दोघी जावा वर. समुद्र बघा."

"ही रातची माझ्याबिगर झोपायची न्हाई," आई म्हणाली. "तू जा गं. तू तरी बघ."

म्हणून मी एकटीच वर गेले. डेकवर डीजे लागला होता, शिरूर, दौंड, सगळे फेटे घालून नाचत होते. मी कठड्याला उभी राहिले. अंधारात पाणी दिसतच नव्हतं, नुसता आवाज. कुणाला तरी सगळं सांगावं म्हणून मोबाइल काढला, तर रेंज नाही.

दौंडच्या काकू आइस्क्रीमचा कप घेऊन शेजारी आल्या.

"एकटीच का गं उभी?"

"नाही," मी म्हणाले. "चौघं आलोय आम्ही."

काकूंनी तो कप माझ्या हातात दिला. "खा. इरघळतंय." आन् नाचणाऱ्यांत निघून गेल्या.