पंपाला मिळालेला कौल

माझे वडील सरपंच असताना आमच्या वाडीची विहीर खारी झाली. वय झालं की राग निवळतो म्हणतात. माझा काही निवळलेला नाही.

आमची वाडी खाडीला लागून. पिण्याजोगं पाणी एकट्या पंचायतीच्या विहिरीला. बाकीच्या विहिरींचं पाणी माडांना आणि भांडी घासायला. ऐंशीनंतर वाडीत वीज आली आणि पाठोपाठ पंप आले. नवा ग्रामसेवक घाटावरचा होता. त्याने ग्रामसभेत सरळ सांगितलं, "वरचं गोडं पाणी असं उपसत राहिलात तर खाडीचं पाणी आत शिरणार. मग बसा बोंबलत." त्याने टेपने मोजून विहिरीभोवती हद्द आखली. तिच्या आत शिमग्यापासून पाऊस लागेपर्यंत कोणीही पंप चालवायचा नाही, असा ठराव झाला. सगळ्यांनी हात वर केले. बायकांचा जीव भांड्यात पडला.

हात वर करणाऱ्यांत वडिलांचे चुलतभाऊही होते. बोटीवरची नोकरी संपवून गावी आलेले, बाग नेमकी हद्दीच्या आत आणि तिथल्या विहिरीवर नवाकोरा पंप. शिमगा झाल्यावर पंधरा दिवस पंप गप्प राहिला. मग काका नारळ घेऊन देवळात गेले आणि त्यांनी कौल लावला. आमच्याकडे मोठं काम देवाला विचारल्याशिवाय होत नाही. गुरव पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली की होकार. काकांनी विचारलं काय, तर "माझी बाग जगवू काय?" उजवी पाकळी पडली. आता बाग मार म्हणून कुठला देव सांगेल? विहिरीचं नाव कोणी काढलंच नाही.

दुसऱ्या सकाळी पंप सुरू. ग्रामसेवक नोटीस लिहूनच आमच्या घरी आला. सही सरपंचांची हवी होती. तेवढ्यात काकाही येऊन ओट्यावर बसले.

"देवान उजवो कौल दिल्यान," ते म्हणाले. "तुझो ठराव देवापरास मोठो काय रे?"

वडिलांनी नोटीस घडी घालून खिशात ठेवली. "देवाचो शब्द मोडूचो कसो?"

"मग ठराव केलात कशाला?" ग्रामसेवकाने विचारलं. वडील देवभोळे होते हे खरं, पण भावाशी वाकडं घ्यायला घाबरत होते हे त्याहून खरं. ते देवाच्या आड लपले, आणि ते मला तेव्हाही कळत होतं. मी काही कुक्कुलं बाळ नव्हते, दहावीला होते.

चैत्र संपेपर्यंत चहा खारट लागायला लागला, डाळ शिजेना. मग आई, मी आणि वाडीतल्या सगळ्या बायका कातळाची चढण चढून वरच्या वाडीच्या विहिरीवर जाऊ लागलो. रोज तीन तीन खेपा. तिथल्या बायका तोंडावर विचारायच्या, "तुमचो सरपंच करता काय गो?" आई मान खाली घालून कळशी भरायची. लाज वाटायची ती तिला. वाडीतल्या एका पुरुषाने कधी कळशीला हात लावला असेल तर शपथ!

अशात एका दुपारी गुरव दारात आला. देवाच्या आंघोळीला खारं पाणी कसं चालेल? वरच्या विहिरीची एक कळशी रोज देवळात पोचायला हवी होती.

"चेडू हाडतला," वडील लगेच म्हणाले. म्हणजे मुलगी आणेल. मुलगी म्हणजे मी. मला विचारायची गरज त्यांना वाटली नाही.

तिसरी खेप मी नुकतीच उतरवली होती. मान आखडली होती, पाय कातळावर भाजले होते. मी म्हटलं, "जेणां कौल दिल्यान, तेकाच पाणी हाडूक सांगा."

वडिलांनी गुरवासमोर माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात त्यांचा हात माझ्यावर उठला तो तेवढा एकदाच. काकांच्या पंपावर मात्र तो कधीच उठला नाही.