परग्रहावरची कातरणी

आमच्या ग्रहावर सूर्य एक होता की दोन, हे मला अजून कळलेलं नाही. आणि ती मालिका मीच लिहिली होती.

परग्रह म्हणून इंदापूरकडचं एक माळरान ठरलं होतं, मुक्काम जळोचीत. दिग्दर्शकाला दोन सूर्य हवे होते, कॅमेरामनला एकच. पहिल्याच सकाळी त्यावरून वाजलं आणि दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. मग हातभर अंतरावर उभे राहून माझ्यामार्फत भांडू लागले. मी दोघांनाही म्हणायचो, "बरोबर आहे तुमचं." करणार काय? वाहिनीला पहिला भाग पसंत पडला तरच मालिका पुढं जाणार होती, आणि पडद्यावर लेखक म्हणून माझं नाव पहिल्यांदाच येणार होतं.

ग्रहावरचे रहिवासी म्हणजे जळोचीतल्याच तात्यांची मेंढरं. तात्यांचं घराणं मेंढपाळांचं. आता डाळिंब आणि ढोबळी मिरची करतात, थोडी मेंढरं हौसेनं राखलेली. अर्धा प्रसंग झाला आणि कॅमेरामन म्हणाला, "त्यांना सांगा, काळ्या लोकरीवर उजेडच उमटत नाही. नुसते गोळे दिसतायत."

"त्यांना सांगा," दिग्दर्शक म्हणाले, "मला गोळेच हवेत."

मी दोघांना बरोबर ठरवलं आणि निघताना तात्यांच्या कानाशी पुटपुटलो, "उद्या जरा नीटनेटकी करून आणा."

दुसऱ्या दिवशी तात्या नवा पटका बांधून आले. मागं उघडीबोडकी मेंढरं.

"तात्या, कातरली?"

"मग! टीव्हीवर जायाचं तर तशीच आणू व्हय? भावकी बोलावून कातरून घेतली. न्हाऊ बी घातलंय."

कालचा अर्धा प्रसंग लोकरीसकट झाला होता. दिग्दर्शक थेट कॅमेरामनकडे वळले. "हा तुमचा उद्योग?"

"मला वाटलं, तुमचा."

दोघं एकमेकांशी बोलले म्हणून आनंद मानावा की पळावं, याचा मी विचार करतोय, तोवर दोघंही माझ्याकडे वळले.

"दुसरा सूर्य उगवला की... लोकर झडते," मी चाचरत म्हणालो.

दिग्दर्शकाला वाटलं, दोन सूर्य ठरले. कॅमेरामनला वाटलं, तोवर एकच. दोघं खूश. मला काय वाटलं, ते कुणी विचारलं नाही, बरंच झालं.

वाहिनीला नेमका तोच प्रसंग आवडला. मालिका पुढं गेली. पहिला भाग मी तात्यांच्या घरी बसून बघितला. शेवटी नावं धावू लागली. कथा : दिग्दर्शक आणि कॅमेरामन, जोडीनं. मी बराच खाली, चहा-नाश्त्याच्या जरा वर, 'पशुव्यवस्था' या शब्दापुढं.

"आवं," तात्या म्हणाले, "तुमी गोष्ट लिवली का मेंढरं राखली?"

मी त्यांनाच विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

तात्यांनी टीव्ही बंद केला. "गोष्टीचं मला ठावं न्हाय. मेंढरं तर मी राखतो."