हिरवा ठिपका, लाल पाटी

आमच्या घरात हिरव्या ठिपक्याला फार मान. बिस्किटांचा पुडा असो की सूपचं पाकीट, त्यावर हिरवा ठिपका असेल तरच त्याला धायरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये प्रवेश. लाल ठिपका म्हणजे मांसाहार. तो दारातूनच परत. हे शिक्षण यांना मीच दिलं, कारण चष्मा न लावता सामान आणायची यांना खोड.

हिंजवडीच्या कंपनीने मुलाला अमेरिकेला पाठवलं, तेव्हा आम्हीही थोडे दिवस राहून आलो. तिथे बापलेक दर रविवारी 'फिरायला' जात आणि परतल्यावर यांना भूक नसे.

"अहो, बाहेर काय खाल्लंत?"

"कॉफी घेतली."

कॉफीने पोट भरत नाही, एवढं मलाही कळतं. खाल्लं तर खाल्लं, पण तोंडावर खोटं बोलतात याचा मला संताप यायचा.

परतताना मुंबईच्या विमानतळावर बॅगा घेऊन बाहेर निघालो. पुढे दोन वाटा, एकीवर हिरवी पाटी, दुसरीवर लाल. मी सरळ हिरवीकडे वळले. मागे पाहते तर हे मध्येच उभे. यांनी पाट्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून लाल वाटेला लागले. चोरून सोनं आणलंय की काय, म्हणून मीही मागोमाग गेले.

"काय डिक्लेअर करायचंय, काका?" कस्टमच्या साहेबांनी विचारलं.

"चिकन," हे म्हणाले.

"कुठल्या बॅगेत?"

"बॅगेत नाही, साहेब. पोटात. मांसाहारवाल्यांची हीच रांग ना?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "काका, कर भरायचं सामान असेल तर लाल, नसेल तर हिरवी. खाल्लेल्यावर सरकार कर घेत नाही. अजून तरी."

हे वळले, तर समोर मी.

गाडी लोणावळ्यापर्यंत आली, तरी माझ्या डोक्यातून ते जाईना. इतक्या वर्षांच्या संसारात यांनी मला जे सांगितलं नाही, ते गणवेशातल्या परक्या माणसाला लगेच सांगितलं, याचं मला फार वाईट वाटत होतं. शेवटी मीच विचारलं, "चांगलं लागलं का?"

यांनी खिडकीबाहेर पाहत सांगितलं, "तुझ्या भरल्या वांग्यांची सर नाही त्याला."

हेही खोटंच, ते आवाजावरूनच कळत होतं. तरी घरी पोचल्यावर बॅगा तशाच ठेवून मी आधी वांगी आणायला गेले.