साखरबाई उभी राहिली

साखरबाई मूळची आष्टीकडची. नवऱ्याबरोबर ऊस तोडायला भवानीनगरच्या बाजूला आली आणि इथलीच झाली. कॅनॉलकडेच्या पालांची पत्र्याची घरं झाली, पोरं इथंच शिकली, मतदार यादीत नावं लागली. गावाच्या तोंडी मात्र ती वस्ती अजून तोडकऱ्यांचीच. आणि मेल्यावर तर विचारूच नका! सासू गेली तेव्हा गावच्या स्मशानात जाळू दिली नाही. "तुमचं गाव हाय की, तिकडं न्या," असं तोंडावर सांगितलं. बर्फाच्या लादीवर ठेवून म्हातारीला टेम्पोनं आष्टीला न्यावं लागलं. तिथं तरी ओळखीचं कोण उरलं होतं?

आता तिच्या नवऱ्याला, म्हस्कूला, दम्यानं धरलं होतं. चार पावलं टाकली की मटकन बसायचा. त्याचं एकच टुमणं, "मला तिकडं नेऊ नगं गं. हितंच जाळ."

गिरणीवाल्या फरिदाभाभीपाशी साखरबाईनं हे रडगाणं गायलं, तशी भाभी उखडली. "रडती कशाला? ग्रामपंचायतीला उभी ऱ्हा. आमच्या कबरस्तानाला कुंपणबी आमचे सासरे मेंबर झाल्यावरच लागलं. वस्तीची मतं एकगठ्ठा पडली तर कोण पाडतंय तुला?"

"भाभी, सही करताना घाम फुटतो मला."

"मग पूस आन् कर."

झालं! दोघी इंदापूरला जाऊन अर्ज भरून आल्या. पण ही बाई तिकडं सही करत होती, नेमका तेव्हाच जुना मेंबर रणजित वस्तीवर आला. त्याला आधीच कुणकुण लागली होती. ताटात बेल आणि भंडारा. म्हणाला, "स्मशानाला जागा देतो. फकस्त मतं मला, एवढी आण घ्या." घरटी एकेकानं भंडारा उचलला. म्हस्कूनंही!

साखरबाई हरखून घरी आली आणि हे ऐकून तिच्या पायाखालची जमीनच सरकली. "माझ्याच इरुद्ध उचलला तुमी?"

"तू ज्यासाठी उभी ऱ्हातीस, तेच तो आयतं देतोय. मग तुला कशाला उन्हातान्हात हिंडवायचं?" म्हस्कू धापा टाकत म्हणाला.

खुळा होता, पण मायेनं बोलत होता. तिला त्याची चीड आली आणि कीवही आली. "मशीनमधी कोण बघतंय? बटन माझंच दाबा."

"खंडोबा बघतोय की."

कपाळ! तरी दारोदार हिंडली. बाया चहा ठेवायच्या, हात धरून बसवायच्या आणि हळूच सांगायच्या, "घरच्यानं उचललाय अक्का, काय करू?" शेवटी व्हायचं तेच झालं. रणजित गुलालानं माखून वस्तीवरून मिरवत गेला. फरिदाभाभी गिरणी बंद करून रडत बसली.

उन्हाळ्यात म्हस्कू गेला. साखरबाई तशीच अनवाणी रणजितच्या दारात उभी राहिली. "रणजितराव, जागा."

"अक्का, ठराव घ्यावा लागतो. पुढच्या मिटिंगला विषय मांडतो की."

"शब्द दिला हुता तुमी."

"मग न्हाय कुठं म्हणतोय?"

आख्ख्या वस्तीनं भंडारा उचलला, पण ह्याला उचलायला लावावं, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. तिच्याही नाही. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं तिला.

गावच्या स्मशानाला त्या दिवशीही कुलूपच होतं. वस्तीतल्या गड्यांनी खाली माना घालून टेम्पोत बर्फ भरला. साखरबाई म्हस्कूच्या उशाशी बसली. भिगवण मागं पडल्यावर ड्रायव्हरनं वळून मोठ्यानं विचारलं, "अक्का, आष्टीला कुठल्या रस्त्यानं घिऊ?"

तिनं पटकन म्हस्कूच्या कानांवर दोन्ही हात ठेवले.

"हळू बोल रं बाबा," ती म्हणाली. "त्यांना सांगितलं न्हाय मी."