संडास धुणाऱ्या पोरीसाठी टाळ्या

"तुझ्या वस्तीतली चार पोरं घे आन् संडास धुऊन घे. त्यास्नी सवय हाय."

संस्थेचे अध्यक्ष व्हरांड्यात उभे राहून हे बोलले. सगळ्या शिक्षकांसमोर. गाव त्यांना आप्पा म्हणतं. बाकीच्या शिक्षिकांना ते मॅडम म्हणतात. मला नुसतं 'तू'. त्या दिवशी पुण्याहून एक प्रशिक्षक बाई येणार होत्या. जागतिक नागरिकत्वाचा उपक्रम होता. मुलांचं मन निरोगी कसं राहील, संकटात ती खंबीर कशी राहतील, ते शिकवणारा. पाहुण्या यायच्या आत संडास चकाचक पाहिजे होते.

याच शाळेचे संडास मी पाचवीपासून दहावीपर्यंत धुतले. बाप लवकर गेला. आई पहाटे टेम्पोत बसून कुरकुंभला एका कंपनीत झाडलोटीला जायची. माझ्यासाठी ती शाळेत भांडायला आली असती, तर तिचा खाडा पडला असता. म्हणून घरी कधी सांगितलंच नाही. हाताला फिनेलचा वास यायचा, मग मी डबा चमच्यानं खायचे. पोरी म्हणायच्या, लई शहाणी, चमच्यानं खाती. त्यातूनच शिरूरला राहून बी.ए., बी.एड. केलं. घरातली पहिली. बौद्धवस्तीतून या शाळेवर शिकवायला आलेलीही पहिलीच. याचा मला माज आहे आणि तो मी लपवत नाही.

आणि तरी त्या दिवशी मी चार पोरं घेतली. लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. नोकरीची ऑर्डर दर वर्षी नवी निघायची. घाबरले. बादल्या मीच भरून दिल्या.

अकरा वाजता तास सुरू झाला. पोरं गोलात बसली, मधे पृथ्वीचा गोल ठेवला. आपण सगळे एका जगाचे नागरिक, असं बाई म्हणाल्या. मग प्रत्येकाला कागद दिला. तुम्हाला कशाचा त्रास होतो आणि त्यावर तुम्ही मात कशी करता, ते लिहायचं.

सानिका वाचायला उठली. सहावीतली, सकाळच्या चौघांपैकी एक. सलवारीच्या कडा अजून ओल्या. तिनं वाचलं, "मला संडास धुवायला लावतात. तेव्हा मी श्वास धरून आकडे मोजते. मग काही वाटत नाही."

बाईंचा चेहरा खुलला. बाई वाईट नव्हत्या. त्यांना एवढंच शिकवलेलं होतं.

"बघा मुलांनो, याला म्हणतात खंबीरपणा. सानिकासाठी टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. आप्पाही वाजवत होते. सानिका हसली. छान हसली. तिथं माझं डोकं फिरलं. पोरीला बक्षीस मिळाल्यासारखं वाटत होतं. उद्या ती हौसेनं बादली उचलणार.

मी उभी राहिले. "टाळ्या थांबवा. हिला त्या कामाला मी लावलं. चूक माझी आहे. उद्यापासून ही जाणार नाही."

बाई हळूच म्हणाल्या, हा आपल्या सत्राचा विषय नाही. पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर गेली, तेव्हा आप्पा बोलले.

"तुझी ऑर्डर दरसाल निघती, ध्यानात हाय ना?"

"आहे, आप्पा. आणि मला 'तुम्ही' म्हणा."

दुसऱ्या दिवशी मी पाळीचा तक्ता लावला. हजेरीपटाच्या क्रमानं, सगळ्या वस्त्यांतली पोरं. शिक्षकही. माझं नाव पहिलं. आप्पांचा नातू तिसरा. त्याची आई स्कूटीवरून तरातरा आली. "आमचा सोन्या संडास धुणार व्हय?"

"नको वाटतं ना? माझ्या आईला कुणी विचारलंच नव्हतं."

मुख्याध्यापकांनी तक्ता दोनदा फाडला. मी तिसऱ्यांदा लिहिला. मग बाकीच्या वस्त्यांतले पालक तक्रार घेऊन संस्थेत गेले. आमची पोरं इतकी वर्षं धूत होती, तेव्हा एकजण गेला नव्हता. आता आठवड्यात सफाईला पगारी माणूस ठेवला. तो कुठल्या वस्तीतला ठेवला, ते सांगायला नको. ती लढाई अजून बाकी आहे.

माझी पुढची ऑर्डर निघाली नाही. आता दौंडजवळ दुसऱ्या शाळेत शिकवते. तो तास तिथंही असतो, आणि तो मी मागून घेते. त्रास काय होतो ते पोरांना लिहायला लावते. त्याखाली, तो देतं कोण, तेही लिहायला लावते. मग तो कागद घेऊन मी त्या माणसाकडे जाते. जाणारच.

जुन्या शाळेत आज एकही पोर संडास धूत नाही.