पुढचं वाक्य माहीत असलेला माणूस

वर्ध्याजवळच्या सेलूला पंचायत समितीच्या कचेरीत वरिष्ठ सहायक असलेले प्रेमदास थूल वीसेक वर्षं हौशी नाटकांचे प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टूल टाकून बसायचं आणि नट अडला की पुढचं वाक्य हळूच त्याच्या कानावर घालायचं, हे त्यांचं काम. नाटक पडलं तर दोष त्यांचा; रंगलं तर ते तिथे होते हे कोणाला आठवतही नसे. या दोन्ही गोष्टींची सवय त्यांना नोकरीनं आधीच लावलेली होती.

पन्नाशी उलटल्यावर त्यांना स्वतः उजेडात उभं राहावंसं वाटलं. लीना मॅडम दर रविवारी एका शिकवणीच्या हॉलमध्ये अभिनयाचा वर्ग घेत. पहिल्या सत्रात आवाज, उच्चार, उभं राहणं. ते थूलांना सहज जमलं. दुसऱ्या सत्रात मॅडम म्हणाल्या, "बोलता सगळ्यांनाच येतं. आता समोरच्याचं ऐकायला शिकायचं." आणि तिथेच घोडं अडलं. एकांकिकेच्या तालमीत समोरचा बोलू लागला की थूलांचे ओठ हलत. आवाज नाही, नुसते ओठ. वाक्य समोरच्याचं, पण त्याच्या अर्धा शब्द आधी.

"थूलसाहेब, मुलगी घर सोडून चाललीय आणि तुम्ही तिला शुद्धलेखन घालताय," मॅडम म्हणाल्या. वर्ग हसला. थूलही हसले, न हसणं अधिक वाईट दिसलं असतं.

घरी बायको म्हणाली, "मालिका पाहतानीबी तुमचं तोंड चालूच राह्यते. त्या बाईले तिचं तिले बोलू द्या ना!" थूलांनी गालात सुपारी दाबून पाहिली. आरशासमोर ओठ घट्ट मिटून बसले, तर आत जीभ हलत होती.

वर्ध्याच्या एकांकिका स्पर्धेत बापाची भूमिका त्यांना द्यायची की निवृत्त मास्तर बाबारावांना, हे त्या रविवारी ठरणार होतं. बाबाराव सांगितल्याबरोबर रडू शकत. थूल वेळेच्या तासभर आधीच हॉलवर येऊन बसले होते.

"काका, टेन्शन नका घेऊ," मेघा म्हणाली. ती दवाखान्यात नर्स होती आणि एकांकिकेत त्यांची मुलगी. "आन् मी अडकली त सांगजा हळूच."

"तेच त करायचं नाई ना, पोरी!"

आधी बाबाराव रडले. टाळ्या पडल्या. मग थूल उभे राहिले. मेघाच्या तोंडाकडे पाहिलं तर ओठ हलतील, म्हणून त्यांनी नजर तिच्या डोळ्यांवर ठेवली. ती बोलत गेली, "बाबा, मी रागावून जात नाहीये..." आणि थांबली. डोळे विस्फारले. तिचं वाक्य गेलं होतं.

थूलांनी सवयीनं ते आत शोधलं. तिथे काहीच नव्हतं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. कानात पंख्याची घरघर भरली. ही आता काय म्हणेल, हे त्यांना खरोखर माहीत नव्हतं. ते तिच्याकडे पाहत राहिले, जीव मुठीत धरून. शेवटी मेघाच पुटपुटली, "जाते मी." हे संहितेत नव्हतं.

"यालाच ऐकणं म्हणतात," मॅडम उठून उभ्या राहिल्या. "बाप थूलसाहेब करतील. स्पर्धेतही अगदी हेच हवं." बाबारावांनी डोळे पुसले, या वेळी कोणी सांगितलं नव्हतं.

बाहेर चहाच्या टपरीवर मेघानं त्यांना गाठलं. "काका, काऊन नाई सांगतलं? माहा जीव गेलता!"

"मलेच आठवलं नाई."

मेघा हसत सुटली. "मॅडमले नका सांगू."

"नाई सांगत. पण स्पर्धेत आठवलं त?"

"आजपासून वाचूच नका."

"आता वाचून काय अन् न वाचून काय," थूल म्हणाले. चहावर साय धरली होती. "हॉलची पायरी उतरलो, अन् अख्खं आठवलं."