जाळीच्या दाराच्या दोन स्प्रिंगा

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. नागपुरातल्या आमच्या बिऱ्हाडाला जाळीचं दार होतं. ते आपोआप मिटावं म्हणून लावलेली स्प्रिंग सैल पडली. दार जरासं उघडं राहू लागलं आणि मांजर दुधाला तोंड लावू लागलं.

“तुह्या कॉलेजात काही कामाचं शिकवून राहिले का वं?” आईनं विचारलं.

शिकवत होते ना. दोन सारख्या स्प्रिंगा शेजारी-शेजारी लावून तेवढ्याच ताणल्या, तर एकीच्या दुप्पट ऊर्जा साठते, हे नुकतंच झालं होतं. मी सीताबर्डीवरून दोन नव्या स्प्रिंगा आणल्या. वडील म्हणाले, “एक पुरे.” मी दोन्ही शेजारी-शेजारी ठोकल्या.

दुसऱ्या दिवशी शेजारचे काका नेहमीसारखे आमचा पेपर न्यायला आले. चांगले धिप्पाड गृहस्थ. त्यांनी जोर लावून दार ओढलं, आत पाऊल टाकलं आणि चष्मा सावरायला हात सोडला. दारानं पाठीत असा दणका दिला, की काका थेट वडिलांच्या आरामखुर्चीत. आईनं तोंडात पदर कोंबला.

काका शांतपणे म्हणाले, “आता बसवलंच आहे, तर चहा घेऊनच जातो.”

मग ते रोजच बसू लागले. पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तिथंच वाचायचे. वडील बिचारे उभ्यानं चहा प्यायचे.

“काढ ती एक स्प्रिंग,” वडील म्हणाले.

पण माझा अर्धा धडा अजून शिल्लक होता. मी त्याच दोन स्प्रिंगा एकीपुढे एक जोडल्या. आता दार तेवढंच उघडलं तरी दोघींत मिळून एकट्या स्प्रिंगेच्या निम्मीच ऊर्जा साठणार होती. झालंही तसंच. दार पेंगत पेंगत यायचं आणि अर्ध्यावर थांबायचं. मांजर पुन्हा ऐटीत आत आलं.

सकाळी काका उंबरठा ओलांडून पाठ ताठ करून थांबले. काहीच झालं नाही. त्यांनी मागं वळून पाहिलं.

“आज धक्का काहून नाही वं, पोरी?”

मला हसू आवरेना. वडिलांनी पक्कड आणली, एक स्प्रिंग काढून टाकली आणि दुसरी नीट बसवली. दार व्यवस्थित मिटू लागलं, मांजर बाहेरच राहिलं. काका मात्र येतच राहिले. त्या महिन्यात वडिलांनी आणखी एक आरामखुर्ची आणली.